रझाकार
रझाकार : हैदराबाद संस्थानात मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेने उभारलेले निमलष्करी दल व त्या दलाचा सभासद, अशा दोन्ही अर्थांनी रूढ झालेला शब्द. त्याचा मूळ अर्थ ‘स्वेच्छेने काम करणारा’ म्हणजेच ‘स्वयंसेवक’ असा आहे. १९४६ ते १९४८ या काळातील घटनांमुळे मराठवाड्यात, विशेषतः छत्रपती संभाजीनगर (तत्कालीन औरंगाबाद) व लगतच्या जिल्ह्यांत, हा शब्द लुटारू, पळवून नेणारा, शस्त्राच्या बळावर खंडणी वसूल करणारा अशा अर्थाने वापरला जाऊ लागला. एखाद्या शब्दाचा अर्थ दोन-तीन वर्षांत पूर्णतः पालटावा, याचे मराठीतील हे ठळक उदाहरण होय.

व्युत्पत्ती : ‘रझा’ हा अरबी शब्द असून त्याचे अर्थ संमती, खुशी, मर्जी असे आहेत. त्यास करणारा या अर्थाचा ‘कार’ हा फार्सी प्रत्यय लागून ‘रझाकार’ हा सामासिक शब्द सिद्ध झाला. फार्सी ‘कार’ व संस्कृत ‘कार’ हे एकाच प्राचीन धातूपासून निघालेले असल्यामुळे चित्रकार, नाटककार यांसारख्या शब्दांना सरावलेल्या मराठी भाषकास या शब्दाची घडण परकी वाटली नाही. रझा या शब्दाचा परिवार मराठीत फार पूर्वीपासून नांदत आहे. कामावरून दूर राहण्याची अनुमती ती ‘रजा’. संमत असलेला तो ‘राजी’. असंतुष्ट तो ‘नाराज’. आणि मुळात संमतिपत्र असलेला, परंतु मराठीत पदत्यागाचे पत्र या अर्थाने स्थिरावलेला शब्द म्हणजे ‘राजीनामा’. हे सर्व शब्द एकाच अरबी धातूपासून आलेले आहेत. रझाकारांचे नेते कासिम रझवी यांचे ‘रझवी’ हे उपनामही त्याच धातूशी निगडित असून ते शियांचे आठवे इमाम अली अल्-रझा यांच्या नावावरून आले आहे. तात्पर्य, ज्या शब्दकुळाचा गाभा संमती हा आहे, त्यातील एका शब्दास पुढे जबरदस्तीचा अर्थ चिकटला.

उर्दूतील मूळ वापर : उर्दूत रझाकार हा शब्द आजही स्वयंसेवक याच अर्थाने प्रचलित आहे. रुग्णसेवा करणारा, पूरग्रस्तांना मदत करणारा वा मेळाव्यात व्यवस्था पाहणारा कार्यकर्ता म्हणजे रझाकार. विनामोबदला, आपण होऊन केलेल्या कामास ‘रझाकाराना’ हे विशेषण लावतात. निजामाच्या राज्यात उर्दू ही राजभाषा होती व उच्च शिक्षणाचे माध्यमही तीच होती. औरंगाबाद हे तर उर्दूच्या अभ्यासाचे एक महत्त्वाचे केंद्र होते. मौलवी अब्दुल हक यांच्या चिटणीसपदाच्या काळात अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे कार्यालय या शहरात होते. ते १९३८ मध्ये दिल्लीस हलविण्यात आले. कोशरचना, पारिभाषिक संज्ञांची निर्मिती व जुन्या ग्रंथांचे संपादन ही कामे तेथून चालत. अशा वातावरणात वाढलेल्या मराठी सुशिक्षितांना रझाकार या शब्दाचा कोशगत अर्थ माहीत होता. शब्दाच्या नंतरच्या अर्थांतराचे कारण अज्ञान नसून अनुभव हे आहे.

दलाची स्थापना व विस्तार : मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन ही संघटना १९२७ मध्ये हैदराबाद येथे स्थापन झाली. प्रारंभी तिचे स्वरूप मुख्यतः धार्मिक व सांस्कृतिक होते. १९३८ मध्ये नवाब बहादूर यार जंग हे अध्यक्ष झाल्यानंतर ती राजकीय संघटना बनली. संस्थानातील सार्वभौम सत्ता मुस्लिम समाजात वसते व निजाम हा तिचे केवळ प्रतीक आहे, अशी तिची भूमिका होती. त्यांच्याच काळात स्वयंसेवक दलाची उभारणी झाली. बहादूर यार जंग १९४४ मध्ये निधन पावले. १९४६ मध्ये लातूर येथील वकील कासिम रझवी हे अध्यक्ष झाले आणि दलास उघड लष्करी वळण मिळाले. गणवेश, कवायत, शस्त्रशिक्षण आणि दक्षिणेतील मुस्लिम सत्तेचे वर्चस्व अखेरपर्यंत टिकविण्याची शपथ ही त्याची अंगे होत. भाले, तलवारी व ठासणीच्या बंदुकांपासून आधुनिक शस्त्रांपर्यंत नाना प्रकारची हत्यारे दलाकडे होती.

११ जून १९४७ रोजी निजाम मीर उस्मान अली खान यांनी भारत व पाकिस्तान यांपैकी कोणत्याही राष्ट्रात सामील न होण्याचा निर्णय जाहीर केला. त्यानंतर दलाचे सामर्थ्य राज्ययंत्रणेसही जुमानीनासे झाले. ऑक्टोबर १९४७ मध्ये वाटाघाटींसाठी दिल्लीस निघालेल्या शिष्टमंडळातील सदस्यांच्या निवासस्थानांना रझाकारांच्या जमावाने वेढा घातला. शिष्टमंडळास जाता आले नाही व पंतप्रधान छतारीचे नवाब यांनी पद सोडले. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकारशी जैसे थे करार झाला. तथापि डिसेंबरात अधिकारावर आलेल्या मीर लायक अली यांच्या मंत्रिमंडळावर इत्तेहादचाच प्रभाव राहिला.

अर्थांतर : या काळात स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा चालू होता. औरंगाबाद भागात गोविंदभाई श्रॉफ हे त्यातील प्रमुख कार्यकर्ते होते. लढ्याशी संबंध असलेली किंवा तसा केवळ संशय असलेली गावे रझाकारांच्या रोषास बळी पडू लागली. १९४६ मध्ये नांदेड जिल्ह्यातील अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. १९४८ च्या पूर्वार्धात लूट, जाळपोळ, खून, स्त्रियांवरील अत्याचार व माणसे पळवून नेणे या प्रकारांना ऊत आला. मराठवाड्यातील अनेक कुटुंबे घरदार सोडून संस्थानाबाहेरील अहमदनगर, सोलापूर, खानदेश व वऱ्हाड या भागांत गेली. औरंगाबाद जिल्ह्याची सीमा अहमदनगर, नाशिक, पूर्व खानदेश व बुलढाणा या जिल्ह्यांना भिडलेली असल्यामुळे तेथील लोकांना सीमापार आश्रय तुलनेने जवळ होता.

रझाकारांच्या कार्यपद्धतीचे एक वैशिष्ट्य शब्दार्थाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. गावागावांवर ठराविक रक्कम बसवावी, ती मुकाट्याने दिली तर सहसा पुढचा उपद्रव होऊ नये व नाकारली तर लुटीस प्रारंभ व्हावा, अशी सर्वसाधारण रीत असल्याचे सुंदरलाल समितीनेही पुढे नोंदविले. म्हणजे बाह्यतः राजीखुशीने दिलेल्या वर्गणीचे रूप असलेली ही खंडणी होती. स्वतःच्या इच्छेने काम करणारा तो रझाकार; पण गावकऱ्यांच्या अनुभवात दुसऱ्याची इच्छा मोडून काढणारा तो रझाकार ठरला. रझा या शब्दातील संमती लोप पावली आणि केवळ बळ शिल्लक राहिले.

लोकभाषेतील अर्थ : मराठवाड्याच्या बोलीत या शब्दाचे तीन अर्थ सापडतात. पहिला, दलात रीतसर दाखल झालेला सभासद. दुसरा, दलाच्या आश्रयाने वा नावाने दहशत घालणारा कोणीही. संस्थानी पोलिस, रोहिले, पठाण आणि संधिसाधू गावगुंड हे सारे या अर्थी रझाकारच होत. तिसरा व व्यापक अर्थ कालवाचक असून ‘रझाकाराच्या काळात’ या शब्दप्रयोगात तो दिसतो. जन्म, लग्न, जमिनीचे व्यवहार वा गाव सोडून जाणे यांचा काळ सांगताना जुनी माणसे रझाकारांचा काळ आणि ‘पोलीस ॲक्शन’ या दोन खुणा वापरीत. ‘रझाकारी’ हे भाववाचक नाम दडपशाही या अर्थाने बनले व ते राजकीय लेखनातही शिरले. मौखिक आठवणी नोंदविताना वक्त्याच्या मनात यांपैकी कोणता अर्थ आहे हे तपासून घ्यावे लागते. अन्यथा दुसऱ्या अर्थाच्या रझाकारांची कृत्ये पहिल्याच्या खाती अथवा उलट मांडली जाण्याचा संभव असतो.

पोलीस कारवाई व त्यानंतर : १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याने संस्थानात प्रवेश केला. औरंगाबाद शहर दुसऱ्याच दिवशी सैन्याच्या ताब्यात आले. १७ सप्टेंबर रोजी निजामाने युद्धविराम जाहीर केला व दुसऱ्या दिवशी संस्थानी सेनापती अल् एद्रूस यांनी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. रझाकार दल विसर्जित करण्यात येऊन कासिम रझवी यांना अटक झाली. शिक्षा भोगून १९५७ मध्ये सुटल्यावर ते पाकिस्तानात गेले व १९७० मध्ये कराची येथे मरण पावले.

दल संपले, तरी शब्दाचा वापर संपला नाही. किंबहुना त्याचे सर्वांत घातक पर्व यानंतर सुरू झाले. कारवाईच्या काळात व नंतरच्या काही आठवड्यांत संस्थानाच्या अनेक भागांत मुस्लिमांची मोठ्या प्रमाणावर हत्या झाली. केंद्र सरकारच्या वतीने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या समितीने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये पाहणी केली. तिने मृतांचा आकडा २७ हजार ते ४० हजार यांच्या दरम्यान असल्याचा अंदाज व्यक्त केला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या जिल्ह्यांत हानी सर्वाधिक होती. औरंगाबाद व बीड हे जिल्हे त्यानंतरच्या क्रमात येतात. हिंदू शेजाऱ्यांनी मुस्लिम कुटुंबांचे प्राण वाचविल्याची उदाहरणेही समितीने दिली आहेत. हा अहवाल अनेक दशके प्रसिद्ध झाला नव्हता. मारल्या गेलेल्यांपैकी पुष्कळांचा दलाशी काहीही संबंध नव्हता; त्यांना रझाकार ठरविण्यास धर्म एवढेच निमित्त पुरेसे झाले. एका संघटनेचे नाव समाजाचे नाव म्हणून वापरले गेले की दोषी व निर्दोष यांतील सीमा पुसली जाते, हे या घटनांतून दिसते.

या सरसकटीकरणास छेद देणारी साक्ष त्या काळातच उपलब्ध होती. हैदराबाद येथील इमरोज या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबउल्ला खान यांनी संस्थानाने भारतात सामील व्हावे असे निर्भयपणे लिहिले व रझाकारांवर कठोर टीका केली. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांची निर्घृण हत्या करण्यात आली व त्यांचा हात तोडण्यात आला. रझाकारांच्या बळींत मुस्लिमही होते आणि त्यांना उघड विरोध करणाऱ्यांतही मुस्लिम होते, ही गोष्ट या शब्दाच्या इतिहासात विसरता येत नाही.

इतर प्रदेशांतील वापर : पाकिस्तानात रझाकार हा शब्द नागरी संरक्षण व समाजसेवा यांच्या संदर्भात मूळ अर्थानेच वापरला जातो. बांगला देशात मात्र त्याची गती मराठवाड्याप्रमाणेच झाली. १९७१ च्या मुक्तियुद्धात पाकिस्तानी सैन्याच्या साहाय्यासाठी पूर्व पाकिस्तानात याच नावाचे दल उभारण्यात आले होते. त्यामुळे बंगालीत रझाकार म्हणजे देशद्रोही असा अर्थ रूढ झाला. जुलै २०२४ मध्ये पंतप्रधान शेख हसीना यांनी आरक्षणविरोधी आंदोलनाच्या संदर्भात हा शब्द वापरला. तेव्हा विद्यार्थ्यांनी तो उपरोधाने स्वतःलाच लावून घोषणा दिल्या व आंदोलन अधिकच भडकले. ऑगस्ट महिन्यात हसीना यांना देश सोडावा लागला. अर्धशतकानंतरही या शब्दाची धार किती कायम आहे, याचे हे गमक होय.

अर्थाची अशी घसरण मराठीस नवी नाही. ‘वाईट उपजीविकेचा’ या अर्थाचा ‘बदमाश’ हा शब्द दुर्जनवाचक झाला. परंतु त्यात मुळातच निंदा होती व बदल दीर्घ काळात घडला. रझाकार या शब्दात मुळात गौरव होता आणि तो जिवंत माणसांच्या डोळ्यांदेखत नाहीसा झाला. छत्रपती संभाजीनगर येथील सिद्धार्थ उद्यानात मुक्तिसंग्रामाचा स्मृतिस्तंभ असून तेथे दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी हुतात्म्यांना अभिवादन केले जाते. त्याच शहरातील उर्दू भाषकांच्या घरी हा शब्द स्वयंसेवक या अर्थानेही बोलला जातो. दोन्ही अर्थ खरे आहेत. एक कोशाने जपला आहे, तर दुसरा लोकांनी सोसलेल्या अत्याचारातून आला आहे. इतिहासलेखनात या शब्दाचा वापर विशिष्ट काळातील विशिष्ट दल व त्याचे साथीदार यांच्यापुरता मर्यादित ठेवणे, हाच त्यातील बळींना न्याय देण्याचा मार्ग होय. मग ते १७ सप्टेंबर १९४८ पूर्वीचे असोत वा नंतरचे.