फिशटँकमधील बारीक उपद्रवी जीव

गोड्या पाण्याच्या घरगुती फिशटँकमध्ये नवी झाडे, जिवंत खाद्य, दुकानातले पाणी किंवा ओले जाळे यांतून नकळत शिरणारे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे जलचर. हायड्रा, प्लॅनेरिया, गाळातले पांढरे कृमी, सायक्लॉप्स, ऑस्ट्रॅकॉड आणि बारीक गोगलगायी हे त्यांतले नेहमीचे. यांतले बहुतेक माशांना काहीही करत नाहीत. पिल्लांना आणि चेरी श्रिंपसारख्या छोट्या कोळंबीला खरा धोका असतो तो हायड्रा आणि प्लॅनेरिया या दोघांचाच. म्हणून औषधाची बाटली उघडण्याआधी भिंग हातात घ्यावे.

पिंपरी-चिंचवडमधल्या पुनावळे, रावेत, ताथवडे या पट्ट्यातल्या नव्या सोसायट्यांत फिशटँकला लागणारे पाणी एकाच जागचे नसते. रावेतच्या बंधाऱ्यावरून उचललेले पवना नदीचे पाणी निगडीच्या केंद्रात शुद्ध होऊन महापालिकेच्या नळाला येते. नोव्हेंबर 2019 पासून ते एक दिवसाआड येते, आणि उरलेली गरज बोअर व टँकरवर भागते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते पाणी उघडे ठेवून किंवा अँटिक्लोर टाकून घालवावे लागते, पण नळाच्या पाण्यातून किडे येण्याची शक्यता कमी. टँकर उघड्या विहिरीवर भरला असेल तर मात्र सायक्लॉप्स येऊ शकतात. बोअरचे पाणी बहुधा जड असते आणि त्यात गोगलगायींचे कवच चांगले धरते.

हायड्रा किंवा जलव्याल हा जेलीफिशच्या कुळातला प्राणी. काही मिलिमीटर लांबीची नळी, तळाशी चिकटण्याची चकती, वरच्या टोकाला तोंडाभोवती पाच-सहा धाग्यांसारखे हात. काचेला पेन्सिलीने हलकेच टिचकी मारली की तो आखडून पांढऱ्या ठिपक्याएवढा होतो, आणि मिनिटभराने पुन्हा ताणला जातो. ओळखण्याची ही सर्वांत सोपी खूण. हातांवर दंशपेशी असतात. नुकते जन्मलेले गप्पीचे पिल्लू त्यांना घासले की झटक्यात लुळे पडते आणि हात त्याला तोंडाकडे ओढतात. मोठ्या माशाला याचा त्रास जवळपास नाही. भरपूर खायला मिळाले तर दर दोन-तीन दिवसांनी अंगावर एक कळी फुटून नवा हायड्रा सुटतो. त्याचे तुकडे केले तर प्रत्येक पुरेशा मोठ्या तुकड्यातून पूर्ण प्राणी तयार होतो, हे निसर्गशास्त्रज्ञ आब्राहाम ट्रेम्ब्लेने 1744 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवले. काच ब्लेडने खरवडून हायड्रा संपत नाहीत ते याचमुळे.

टँकमालकाला नकोसा असलेला हा प्राणी पुण्यात जपून वाढवला जातो. आघारकर संशोधन संस्था, म्हणजे 1946 साली स्थापन झालेली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी, येथील सुरेंद्र घासकडबी आणि सहकाऱ्यांनी ‘हायड्रा व्हल्गॅरिस इंड-पुणे’ या स्थानिक वाणाचे वर्णन 2011 मध्ये प्रसिद्ध केले. शरीराची घडण आणि पुनर्निर्मिती यांच्या अभ्यासासाठी तो वापरला जातो. आपल्या काचेवरचा पांढरा धागा इतक्या मोलाचा आहे हे ठाऊक असलेला माणूस त्याला काढतानाही आधी नीट बघतो, आणि बघणे हाच या कामातला निम्मा इलाज आहे.

प्लॅनेरिया चपटा असतो. डोके बाणाच्या टोकासारखे त्रिकोणी, त्यावर दोन काळे डोळे, आणि चाल काचेवरून सरकत जाणारी. पाण्यात वळवळत पोहणारा, दोऱ्यासारखा गोल पांढरा कृमी म्हणजे प्लॅनेरिया नव्हे. तो गाळ खाणारा, गांडुळाच्या नात्यातला निरुपद्रवी जीव. या दोघांची गल्लत ही सर्वांत मोठी चूक, आणि तिच्यापायी चांगल्या टँकमध्ये विनाकारण विष पडते. प्लॅनेरिया रात्री बाहेर येतो, अंडी आणि कात टाकलेली कोळंबी खातो. बारीक भोके पाडलेल्या बाटलीत मांसाचा तुकडा ठेवून ती रात्रभर टँकमध्ये सोडली की सकाळी बरेच प्लॅनेरिया आत सापडतात.

सायक्लॉप्स झटके देत पोहतो आणि मादीच्या शेपटीपाशी अंड्यांच्या दोन पिशव्या दिसतात. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात त्याची ओळख वेगळी होती: पायऱ्यांच्या विहिरींतून नारूचा प्रसार त्याच्यामार्फत होई. देशातला शेवटचा नारूरुग्ण 1996 मध्ये सापडला आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. टँकमधला सायक्लॉप्स आज पिल्लांचे उत्तम खाद्य आहे. त्याला मारू नये.

इलाजाची सुरुवात खाद्यापासून करावी. हे सर्व जीव थेट किंवा अप्रत्यक्षपणे उरलेल्या दाण्यांवर आणि त्यावर पोसणाऱ्या जिवाणूंवर वाढतात. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य, दर आठवड्याला पाव पाणी बदलणे आणि तळाचा गाळ नळीने ओढणे, एवढ्याने बहुतेक टँक महिनाभरात सावरतात. निळा गोरामी हायड्रा आणि प्लॅनेरिया दोन्ही टिपतो, पण कोळंबीची पिल्लेही सोडत नाही.

औषधांत फेनबेंडाझोल, म्हणजे जनावरांना देतात ते जंतनाशक, हायड्रा आणि प्लॅनेरिया दोघांवरही चालते. प्लॅनेरियावरच्या काही तयार पावडरींत सुपारीचा अर्क असतो. सुपारीतला अरेकोलिन हा घटक पूर्वी कुत्र्यांच्या पट्टकृमींवरही दिला जाई. तरी श्रीवर्धनी रोठा सुपारी फोडून टँकमध्ये टाकू नये. घरी मात्रा ठरवता येत नाही. या दोन्ही औषधांनी गोगलगायी मरू शकतात, म्हणून त्या आधी वेगळ्या कराव्यात. तांब्याचे क्षार कोळंबी आणि गोगलगायी दोघांनाही घातक असतात.

नवी झाडे तुरटीच्या पाण्यात काही तास बुडवून, स्वच्छ धुऊन मगच लावावीत. औषध घातलेले पाणी, काढलेली झाडे किंवा नको झालेले मासे पवनेत सोडू नयेत. पवना मुळेला मिळते, ते पाणी पुढे भीमेतून उजनीत जाते, आणि टँकमधून सुटलेल्या सकर माशाचा त्रास उजनीचे मच्छीमार आज सोसत आहेत.