संविधान शिकवताना खोताची जमीनही शिकवा

२६ नोव्हेंबर आला की शाळाशाळांतून प्रास्ताविकेचे वाचन होते, फोटोला हार घातला जातो, भाषण होते आणि मुले घरी जातात. संविधान सभेत कोणी काय मागितले, काय मिळाले, काय नाकारले गेले, हे त्यांना कोणी सांगत नाही. मग उद्या कोणी म्हणाले, ‘बाबासाहेबांनी एकट्याने कुठे लिहिले?’ की आपली पोरे चिडतात. चिडणे हे उत्तर नव्हे. उत्तर इतिहासात आहे.

९ डिसेंबर १९४६ ला संविधान सभा बसली. तिचे प्रांतांमधले सदस्य जनतेने थेट निवडलेले नव्हते, प्रांतिक विधिमंडळांनी निवडलेले होते. त्या विधिमंडळांसाठी मत होते ते मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींत बसणाऱ्यांना. मालवण तेव्हा मुंबई प्रांताच्या रत्नागिरी जिल्ह्यात होते. इथल्या खोताला मत होते. त्याच्या जमिनीवर राबणाऱ्या आपल्या बहुतेक आज्या-पणज्यांना नव्हते. बाबासाहेब सभेत गेले तेही मुंबईतून नव्हे, बंगालमधून. फाळणीत ती जागा गेली आणि जुलै १९४७ मध्ये ते मुंबईतून पुन्हा निवडून आले. २९ ऑगस्ट १९४७ ला सात जणांची मसुदा समिती नेमली गेली व ते तिचे अध्यक्ष झाले.

या सातांपैकी एकाने राजीनामा दिला, एकाचे निधन झाले, एक अमेरिकेत होते, एक राज्यकारभारात गुंतले, एक-दोघे दिल्लीपासून दूर राहिले. मसुद्याचा भार अखेर आंबेडकरांवरच पडला, असे ५ नोव्हेंबर १९४८ ला सभागृहात टी. टी. कृष्णम्माचारींनी सांगितले. ते काही आपल्या चळवळीतले नव्हते! आणि स्वतः बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बी. एन. राव आणि एस. एन. मुखर्जी यांना श्रेय दिले. दोन्ही गोष्टी मुलांना सांगा. खरे सांगितल्याने बाबासाहेब लहान होत नाहीत.

आता खोतीकडे या. १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ ला कोकणातले शेतकरी मुंबईत मोर्चाने धडकले. मार्च १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने बाबासाहेबांनी संविधान सभेसाठी निवेदन तयार केले. शेतजमीन राज्याच्या मालकीची करा, जातीचा भेद न करता गावकऱ्यांना कसायला द्या, म्हणजे जमीनदारही उरणार नाही आणि भूमिहीनही, असे त्यात होते. महत्त्वाचे म्हणजे ही व्यवस्था संविधानातच लिहा, बहुमताच्या मर्जीवर सोडू नका, अशी मागणी होती.

ती मान्य झाली नाही. अस्पृश्यता नष्ट करणारे कलम २९ नोव्हेंबर १९४८ ला मंजूर झाले, प्रत्येक प्रौढाला मत मिळाले. जमिनीचा प्रश्न मात्र कायदेमंडळांवर सोडला गेला. खोती गेली ती १९४९ च्या मुंबई खोती निर्मूलन कायद्याने. पण खोती जाणे वेगळे आणि कसणाऱ्याच्या नावावर सातबारा होणे वेगळे. ज्याच्याकडे कूळ म्हणून नोंद होती, त्याला काही मागता आले. जो नुसता मजूर होता, त्याने काय दाखवायचे?

म्हणूनच २५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी इशारा दिला की राजकारणात समता येईल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहील. ही विसंगती लवकर दूर केली नाही, तर तिची झळ बसलेले लोक ही लोकशाहीच उद्ध्वस्त करतील. हा इशारा देणारा माणूस मसुदा समितीचा अध्यक्ष होता, हे मुलांच्या मनावर ठसले पाहिजे.

आमचे कार्यकर्त्यांना सांगणे एवढेच : यंदा वर्गात प्रास्ताविका वाचून थांबू नका. मुलांचे दोन गट करा. जमीन राज्याची की खाजगी, यावर त्यांना वाद घालू द्या, दुरुस्त्या मांडू द्या, मत घेऊ द्या. हरलेल्या बाजूचे म्हणणेही लिहून ठेवायला लावा. मग त्यांना घरचा सातबारा पाहायला सांगा. तिथे आपले नाव का आहे किंवा का नाही, हे विचारणारा विद्यार्थी संविधान शिकू लागला असे समजा.

जयभीम! जय संविधान!