जॉबरच्या दारात: गिरणगावातील नोकरीची वाट

१९२०च्या दशकात मुंबईच्या गिरणीतून काढलेला कामगार अर्ज लिहीत बसत नसे. तो गाववाल्याची खोली गाठी. भरती जॉबरच्या हाती असे आणि त्याच्यापर्यंतची वाट गावकी, भावकी व आखाड्यातून जाई. काम मिळेपर्यंत खाणावळवाली उधारीवर जेवू घाली.

परंतु हा आधार निर्मळ नव्हता. जॉबरला दस्तुरी द्यावी लागे. अस्पृश्य मानलेल्या कामगारांना तर अधिक मजुरीचे विणकाम खाते बंदच होते. १९२८च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा अन्याय वेशीवर टांगला. १९३५मध्ये बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत आली आणि जॉबरची पकड सैल झाली.

ओळखीने अनेकांना तारले. ज्यांना ओळखच नव्हती, त्यांना नियमाची गरज होती.