तारेचे अंतर कोण मोजते?

1858 च्या ऑगस्टमध्ये आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांना जोडणारी अटलांटिक तार सुरू झाली आणि काही आठवड्यांतच मुकी झाली. समुद्राखालचा दोष किती दूर आहे, हे विल्यम थॉम्सन यांनी किनाऱ्यावरून विद्युतरोध मोजून अजमावले. दर मैलाला तांब्याचा रोध किती, हे ठाऊक होते म्हणूनच रोधावरून मैल काढता आले.

हातात मावणाऱ्या ‘नॅनोव्हीएनए’कडे मी याच परंपरेतले यंत्र म्हणून पाहतो. जपानमधील एका अभियंत्याने ते रचले आणि त्याची आज्ञावली खुली ठेवली. 2019 मध्ये चिनी प्रतींमुळे ते स्वस्तात जगभर पोचले. केबल तपासण्याची सोय पुढे इतरांनी आज्ञावलीत घातली. वेगवेगळ्या वारंवारतांची परावर्तने यंत्र मोजतच होते. फूरियेच्या गणिताने त्यांतून परतीचा वेळ काढला.

समजा, हा वेळ 100 नॅनोसेकंद आला. केबलचा वेगगुणक 0.66 धरला तर दोष सुमारे 10 मीटरवर. फोमच्या केबलसाठी 0.8 धरला तर 12 मीटरवर. भिंत कुठे फोडायची, ते या दोन मीटरांवर ठरते. यंत्र वेळ मोजते. अंतर येते ते तारेविषयीच्या आपल्या माहितीतून. म्हणून त्याच जातीच्या, लांबी ठाऊक असलेल्या तुकड्यावर गुणक आधी काढून घ्यावा.

थॉम्सन यांचे गृहीतक त्यांच्या वहीत होते. इथे ते आज्ञावलीत आहे, आणि कुणालाही उघडून तपासता येते. या इतिहासातली खरी भर मला तीच वाटते.