हालचाल मर्यादित झालेल्या ज्येष्ठांसाठी श्रवणयंत्र

हुबळीतील केशवापुरासारख्या जुन्या वस्तीत जिना उतरणेही कठीण झालेल्या ज्येष्ठांसाठी श्रवणयंत्र घ्यायचे, तर किमतीच्या आधी तपासणीचा प्रश्न उभा राहतो. कानातील मळ काढणे, कानाचा साचा घेणे ही कामे तज्ज्ञाला घरी येऊनही करता येतात. श्रवणाचा आलेख मात्र ध्वनिरोधक खोलीतच भरवशाचा निघतो. म्हणून एकदाच, पण नीट बेत आखून, रुग्णाला बाहेर नेणे श्रेयस्कर. विद्यानगरातील किम्स रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. सुमारे २० किलोमीटरवरील धारवाडात जेएसएस वाक् व श्रवण संस्था आहे. चाकांची खुर्ची आत जाते का, हे आधीच विचारून घ्यावे.

एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. तपासणीत शब्द ऐकवून ते पुन्हा उच्चारायला सांगतात. घरात आयुष्यभर मराठी बोललेल्या आजींना कन्नड शब्द ऐकवले, तर चूक कानाची की भाषेची, हे ठरवता येत नाही. मराठी शब्दांचा आग्रह धरण्यात संकोच नको.

यंत्र निवडताना कानाइतकाच बोटांचा विचार हवा. कानाच्या आत बसणारे चिमुकले यंत्र दिसायला सुबक, पण कंप असलेल्या हातांना ते पेलत नाही. कानामागे बसणारे, साचा जोडलेले यंत्र सोयीचे. बॅटरीवरचे घेतल्यास नारिंगी पट्टीची १३ किंवा निळ्या पट्टीची ६७५ क्रमांकाची बॅटरी हाताळायला त्यातल्या त्यात सोपी. चार्जिंगचे यंत्र असल्यास तोही व्याप नाही. सतत पडून असणाऱ्यांची आणखी एक अडचण असते : कूस बदलली की उशीला टेकलेले यंत्र शिट्टी मारू लागते. मोठ्या बटणांचे, खिशात ठेवायचे जुन्या धाटणीचे यंत्र अशा वेळी कामी येते आणि स्वस्तही पडते. त्याला जुनाट म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. गोव्याच्या दमट हवेत राहणाऱ्यांनी रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवावे.

ऐकू येणे एकाएकी बंद झाल्यास यंत्राचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. उपचाराची संधी थोड्या दिवसांचीच असते.

दारिद्र्यरेषेखालील साठीपुढच्या नागरिकांना २०१७ पासून केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत श्रवणयंत्र विनामूल्य मिळते. वाटप शिबिरांतून होते. शिबिराची तारीख जिल्हा प्रशासनाकडे विचारावी.