संभाव्यतेचा गुणाकार आणि अलिबागची वेधशाळा

संख्याशास्त्राच्या आरंभींच्या पाठांत संभाव्यतेचे दोन सिद्धांत येतात : एक बेरजेचा, दुसरा गुणाकाराचा. दोहोंचें कूळ जुगाराच्या फडावरचें आहे. अर्धवट मोडलेल्या डावाची रक्कम कशी वांटावी ह्याविषयीं १६५४ मध्यें पास्काल व फर्मा ह्यांचा पत्रव्यवहार झाला. द म्वाव्रच्या १७१८ च्या ग्रंथानें त्या विचारास शास्त्राची बैठक दिली. तेव्हांपासून फांसे, नाणीं व पत्ते जे वर्गांत शिरले ते अद्याप तेथेंच आहेत. नाण्यास स्मरण नसतें. म्हणून लागोपाठ दोनदां छाप पडण्याची संभाव्यता अर्धा गुणिले अर्धा, म्हणजे पाव. विद्यार्थी एवढें सूत्र घोकतो. ‘घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील तर’ ही अट वहींतच राहते.

त्या अटीचें मोल पाहावयाचें तर रायगडच्या किनाऱ्यावर अलिबागेस जावें. मुंबईंत कुलाब्यास १८४६ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची अखंड नोंद होत असे. शहरांत विजेची ट्राम येणार, तिच्या प्रवाहानें वेध बिघडणार, म्हणून नानाभाई मूस ह्यांच्या कारकीर्दींत १९०४ मध्यें अलिबागेस नवी वेधशाळा उभारली. जुनी मात्र लगेच मोडली नाहीं. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळीं वेध घेऊन आंकड्यांचा मेळ घातला. ट्राम १९०७ मध्यें धांवली. असो.

ह्या नोंदींतील तासातासाचे आंकडे घ्या. चुंबकीय वादळांत पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आडवा जोर उतरतो तो पूर्ववत् होण्यास कित्येकदां दिवसच्या दिवस लागतात. मागील तासाची सावली पुढील तासावर पडलेली असते. असे चोवीस आंकडे चोवीस फांसे समजून गुणाकार केला, तर जेथें नियम नाहीं तेथेंही नियम भासतो. जर्मन शास्त्रज्ञ बार्टेल्स ह्यानें १९३५ मध्यें हेंच दाखविलें. असे शंभर आंकडे स्वतंत्र पुरावा म्हणून शंभरांचें काम करीत नाहींत.

फांसा वर्गाबाहेर टाकावा, असें आम्ही म्हणत नाहीं. आमची तक्रार क्रमाविषयीं आहे. पहिली घटना घडली असतां दुसरीची संभाव्यता किती, हा गुणाकाराचा मूळ सिद्धांत. स्वातंत्र्य हें त्याचें एक विशेष रूप. पुष्कळ वर्गांत आधीं विशेष रूप सांगतात, आणि मूळ सिद्धांत पुढें काळ्यापांढऱ्या चेंडूंच्या गणितांत उरकतात. त्याऐवजीं अलिबागच्या जून महिन्याचे तीस दिवस मुलांपुढें ठेवावे. पावसाचे दिवस किती, आणि पावसाच्या दिवसामागून पुन्हा पावसाचाच दिवस कितीदां आला, हें त्यांनीं स्वतः मोजावें. दोन गुणोत्तरें जुळलीं नाहींत, कीं ‘स्वतंत्र’ शब्दाचा अर्थ कोणीहि आपण होऊन विचारील.