राजाबाई : मनोऱ्याला लाभलेले मातोश्रींचे नाव

मुंबईत ओव्हल मैदानासमोर विद्यापीठाचा जो उंच घड्याळाचा मनोरा आहे, तो ‘राजाबाई टॉवर’ या नावाने सर्वपरिचित आहे. परंतु या राजाबाई कोण, असे विचारले असता पुष्कळ सुशिक्षित मंडळीही निरुत्तर होतात. एखाद्या संस्थानची राणी असावी, असाही कित्येकांचा समज आढळतो. वस्तुतः त्या राणी नव्हत. सुरतेच्या ओसवाल जैन कुटुंबातील त्या सुश्राविका, आणि मुंबईचे सुप्रसिद्ध कापूस व शेअर व्यापारी शेठ प्रेमचंद रायचंद यांच्या मातोश्री होत.

प्रेमचंद शेठांचा जन्म १८३१ चा. कुटुंब सुरतेहून मुंबईस आले, येथेच मुलाचे इंग्रजी शिक्षण झाले आणि इंग्रजी लिहू-वाचू शकणारा पहिला देशी दलाल म्हणून त्यांचा लौकिक झाला. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. कापसाच्या पैशातून कंपन्या निघाल्या आणि कंपन्यांच्या शेअरांवर सट्टा खेळला जाऊ लागला. बॅकबे रेक्लमेशनचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. ज्यांनी बाजार पाहिला आहे, त्यांना अशा भावाचा शेवट काय होतो हे सांगावयास नको.

या भरभराटीच्या ऐन शिखरावर, १८६४ मध्ये, प्रेमचंद शेठांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले. पाठोपाठ घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख देऊन, मनोऱ्यास आपल्या मातोश्रींचे नाव द्यावे, अशी इच्छा त्यांनी प्रकट केली. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्यांच्या हिशेबाची वेळ येताच मुंबईचा बाजार बुडाला. शेठांचेही ऐश्वर्य लयास गेले. बँक ऑफ बॉम्बेच्या नाशाबद्दल चौकशीत त्यांच्यावर ठपका आला. तो झाकून ठेवण्याचे काही कारण नाही. मात्र विद्यापीठास दिलेली रक्कम सुरक्षित राहिली. जवळ ठेवलेले गेले. आईच्या नावाने दिलेले तेवढे उरले.

१ मार्च १८६९ रोजी पायाभरणी झाली. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी विलायतेत बसून आराखडा काढला. मुंबईस ते कधी आलेच नाहीत. २८० फूट उंचीचा हा मनोरा १८७८ च्या नोव्हेंबरमध्ये पूर्ण झाला आणि खर्च सुमारे साडेपाच लाखांवर गेला.

आता आपल्या समाजात घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या आख्यायिकेविषयी. वृद्धापकाळी राजाबाईंची दृष्टी गेली होती. रात्रीभोजनाचा त्याग असल्याने सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणे आवश्यक. तेव्हा कोणाला न विचारता त्यांना वेळ कळावी म्हणून पुत्राने हा घंटेचा मनोरा बांधविला, असे म्हणतात. कथा गोड आहे. तथापि हिशेब मांडून पाहता ती पुरती जुळत नाही. देणगी १८६४ ची आणि मनोरा पुरा झाला १८७८ साली. अंध मातेच्या व्याळूसाठी कोण पुत्र चौदा वर्षे थांबेल? शिवाय शेठांचा बंगला भायखळ्यास, तर मनोरा फोर्टात. दुसरे असे की, सूर्य काही घड्याळाच्या ठोक्यावर मावळत नाही. जुनी मुंबई वेळ आजच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे होती. त्या वेळेप्रमाणे नोव्हेंबरअखेर सूर्यास्त साडेपाचच्याही आधी होई, तर जुलैच्या आरंभी पावणेसातच्या सुमारास. सहाच्या ठोक्यावर विसंबून जेवणाऱ्या श्राविकेचे व्रत हिवाळ्यात मोडलेच असते! चौविहार काटेकोर पाळणाऱ्या घरी तर सूर्यास्ताच्या दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे आधीच पान उचलले जाते.

असे असूनही ही कथा टाकून देण्याजोगी नाही. त्या काळच्या शेअरचे भाव वहीत राहिले. मातोश्रींचे व्रत राहिले ते लोकांच्या तोंडी. लाखोंची उलाढाल करणाऱ्याच्या घरातही संध्याकाळची चूल आईच्या नेमाने विझत असे, एवढे या कथेतून निश्चित कळते. जैन घरांतील वडीलधाऱ्या स्त्रीचा अधिकार असाच असतो. पेढीवर तिचे नाव नसते. परंतु दुकान वाढवून घरी केव्हा पोचावयाचे, हे तीच ठरविते. दिवेलागणीपूर्वी पेढीवरून धावत घरी येणारे आपले आजोबा अनेक वाचकांना आठवतील.

विद्यापीठाच्या त्याच आवारात सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून झालेले पदवीदान सभागृह आहे. त्याचाही आराखडा स्कॉट यांचाच. त्यास रिवाजाप्रमाणे दात्याचे नाव आहे. प्रेमचंद शेठांना तसेच करता आले असते. कोलकाता विद्यापीठास दिलेल्या देणगीतून चालू झालेली शिष्यवृत्ती त्यांच्याच नावाने प्रसिद्ध आहे. मुंबईच्या मनोऱ्यासाठी मात्र त्यांनी आईचे नाव निवडले. ज्या काळी स्त्रीचे नाव कुटुंबाबाहेर क्वचितच उच्चारले जाई, त्या काळची ही गोष्ट आहे.

प्रेमचंद शेठ १९०६ साली निवर्तले. २०१५ मध्ये मनोऱ्याचा जीर्णोद्धार पूर्ण झाला आणि २०१८ साली आजूबाजूच्या इमारतींसह त्याचा जागतिक वारशात समावेश झाला. चर्चगेटला उतरून कचेरीकडे जाणारी माणसे आजही मान वर करून त्यावर वेळ पाहतात. मनोऱ्यास प्रेमचंद शेठांचे नाव कोणी घेत नाही. सारे राजाबाईच म्हणतात.